मानेवाड्याच्या गच्चीवरची सोयरीक

(गच्ची. जानेवारीअखेरची सकाळ. दोरीवर स्वेटर, कोपऱ्यात खस काढून ठेवलेला कूलर.)

सकाळचे साडेसात वाजलेत. नागपूर, मानेवाडा. हे माझे बाबा. वय ७१. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात आईचा भुवया कोरायचा चिमटा. आईनं तो मागच्या वर्षीच सोडून दिला, दुसरा आणला.

समोर अर्धे कापलेले निळे ड्रम आहेत आणि त्यांत सफरचंदाची झाडं. नागपुरात सफरचंद म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "लागतात का?" लागतात. पण बाबांना फळात तितका रस नाही. त्यांना दोन जातींची सोयरीक जुळवायची आहे, आणि ती मधमाशीच्या भरवशावर नाही, स्वतःच्या हातानं.

(जवळून: डोळा भरायचा जुना चाकू. लाकडी मूठ झिजलेली.)

बाबांची सगळी उमर काटोलकडे संत्र्याची कलमं बांधण्यात गेली. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, वर पट्टी, पुढचा खुंट. एका दिवसात शेकडो. संत्र्याच्या धंद्यात बीवर भरवसा असतो. जंभेरीच्या किंवा संत्र्याच्या एका बीत एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे परागाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार झालेले. म्हणून जंभेरीची हजार रोपं लावा, बहुतेक सगळी एका साच्यातली निघतात. नर्सरीवाल्याला हेच हवं असतं. संकर करणाऱ्याची मात्र त्यानंच पंचाईत होते, कारण बापाचं नाव लावणारं रोप त्या गर्दीतून शोधावं लागतं.

सफरचंदाचं बरोबर उलटं आहे. बी लावलं की आईसारखं झाड येतच नाही. एकाच फळातल्या दोन बियांचीही तोंडं जुळत नाहीत. बाजारात आपण जे डेलिशियस घेतो, ते सगळं कलमाचं. बाबांना हे कळलं तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. म्हणाले, "म्हंजे इथं दरेक बी नवीनच माणूस! मग आपण इतके दिवस काय करून राहिलो?"

(पानं ओरबाडलेल्या फांद्यांवर गुलाबी कळ्या.)

पहाडातल्या सफरचंदाला हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालची थंडी हवी असते. जुन्या जातींना ती ८०० ते १,००० तास किंवा त्याहून जास्त लागते. तेवढी मिळाली की झाड जागं होऊन फुलतं. नागपुरात तशी रात्र क्वचितच येते. म्हणून इथे कमी थंडीच्या जाती. एक ॲना. इस्राएलमध्ये एन शेमर या किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वस्तीवर) अब्बा स्टाइन यांनी गोल्डन डेलिशियसचा पराग वापरून काढलेली. दुसरी डॉर्सेट गोल्डन, बहामा बेटांवरच्या नासाउमध्ये सापडलेली. बर्फाचा मागमूस नसलेली जागा! तिची आई गोल्डन डेलिशियसच असल्याचं मानतात.

तरीही आपल्याकडे झाड गोंधळतं. पानं गाळायची की नाही, हेच त्याला कळत नाही. पहाडातल्या पुस्तकात याचं उत्तर बाबांना सापडलं नाही, ते काटोलच्या बागेत सापडलं. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला पाणी तोडून ताण देतात, तसा डिसेंबरात त्यांनी सफरचंदाला ताण दिला आणि पानं हातानं ओरबाडून काढली. शेजारच्या काकूंना वाटलं, झाड मेलं. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगले. उष्ण प्रदेशात सफरचंद पिकवणारे लोक पानं काढतातच, हे बाबांना नंतर समजलं. त्यांचा आनंद त्यानं जरा कमीच झाला.

(फुलांचा एक झुबका. चिमटा आत येतो.)

आता हात बघा.

एका झुबक्यात पाच-सहा कळ्या. मधली सगळ्यात आधी उमलते. बाबा दोन ठेवतात, बाकीच्या खुडतात. ठेवलेली कळी नेमकी उमलण्याच्या आदल्या दिवशीची हवी, फुग्यासारखी टरारलेली, पण तोंड बंद. एकदा उमलली की माशी येऊन जाते, मग बाप कोण ते सांगता येत नाही.

सफरचंदाच्या फुलात पाकळ्या पाच आणि पुंकेसर वीसेक. सगळे एकाच वाटीच्या काठावर बसलेले. त्यामुळे अंगठ्याच्या नखानं त्या काठाखाली गोल चीर दिली की पाकळ्या, पुंकेसर, खालची हिरवी दलं, सगळं झबलं काढावं तसं एकदम निघून येतं. मधे उरतात पाच हिरवट दांड्या, बुडाशी जोडलेल्या. त्या दुखावता कामा नयेत. बाबा या वेळी बोलत नाहीत, श्वासही जपून घेतात. कॅमेऱ्यात ऐकू येतोय तो माझा श्वास आहे.

पाकळ्याच नाहीत म्हटल्यावर माशी अशा फुलाकडे सहसा फिरकत नाही. तरी वर जाळीची पोटली बांधायची. या पोटल्या संक्रांतीच्या वाणातल्या. आईनं तिळगुळासाठी दोन डझन आणल्या होत्या, हळदीकुंकवाला सोळाच निघाल्या. त्यावर घरात बोलणं झालं आहे, ते इथे दाखवत नाही.

(स्टीलची वाटी, चहाची गाळणी, काचेची बाटली.)

पराग काल संध्याकाळी काढला. दुसऱ्या झाडाच्या तशाच मिटल्या कळ्या गाळणीवर घासल्या, पिवळट दाणे खाली बटर पेपरवर पडले. ते रात्रभर खोलीत सुकत ठेवले. उन्हात नाही, उन्हात पराग मरतो. सकाळी दाणे फुटून हळदीसारखी पूड झाली. ती बाटलीत, सोबत बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी, आणि बाटली फ्रीजमध्ये.

"हात नोको लावू त्याले," बाबा म्हणतात. "एवढ्यात शंभर फुलं होतात."

लावायला कानातला कापूस चालतो, बारीक ब्रश चालतो. बाबांचं बोट चालतं. करंगळीचं टोक बाटलीत, मग पाचही दांड्यांच्या टोकांवर हलकेच. टोकं ओलसर चिकट असतील तर पूड बसलेली डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. फुलाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. आधी आईचं नाव, मग बापाचं.

पहिल्या वर्षी हे सगळं केलं आणि हाती शून्य आलं. एक-दोन फुलं तगली, तीही मिरीएवढी होऊन गळाली. बाबांनी खत बदललं, पाणी बदललं, मला दोष दिला. नंतर पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा उलगडलं. नर्सरीवाल्यानं दोन नावांच्या चिठ्ठ्या लावून एकच जात दिली होती. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना रोपं विकली, त्याला चिठ्ठीनं फसवलं. आठवडाभर ते गच्चीवर गेले नाहीत.

एक जात स्वतःला का चालत नाही, ते आपल्याकडच्या माणसाला एका शब्दात कळतं: सगोत्र. परागकण दांडीच्या टोकावर पडला की नळी काढतो आणि आतून खाली उतरायला लागतो. सफरचंदाच्या बहुतेक झाडांकडे अशी दोन गोत्रं असतात, परागकणाकडे त्यातलं एक. आईच्या दोनपैकी एकाशीही ते जुळलं, तर दांडीच त्याची नळी वाटेत अडवते. आणि कलमाची झाडं म्हणजे तर एकाच झाडाच्या फांद्या, मग ती दोन ड्रमांत असोत की दोन देशांत. ॲना यात जरा ढिली आहे, कधीकधी स्वतःवरही धरते. बाबांनी पुंकेसर आधी काढून टाकायचा हट्ट धरला तो त्यासाठीच. ॲना आणि डॉर्सेट मात्र दोघींच्या घराण्यात गोल्डन डेलिशियस असूनही एकमेकींना चालतात.

(जून. हिरव्या जाळीखाली एक लहान फळ. बाबा ते उलटं करून दाखवतात.)

दुसऱ्या जातीचं झाड दुसरीकडून आणलं, फुलायला दोन वर्षं गेली. मग ३१ फुलं केली. २२ ॲनावर, ९ उलट बाजूनं डॉर्सेटवर. आठ धरली. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हिरवी जाळी लावूनही एक फळ भाजल्यासारखं करपलं, दोन खारीनं नेली. पाच उरली: चार ॲनाची, एक डॉर्सेटचं.

फळ उलटं केल्यावर बुडाशी जी वाळकी चांदणी दिसते ना, ती यांना नाही. हिरवी दलं आपण कापली होती, म्हणून तिथे नुसता गुळगुळीत खळगा. हातानं केलेलं फळ असं ओळखू येतं.

आईनं चव घेतली. "आपल्या ॲनासारखंच तर आहे." असणारच. गर आई-झाडाचाच असतो, बाप फक्त बियांत. पाच फळांतून जास्तीत जास्त ५० बिया मिळाल्या असत्या, आम्हाला ३३ मिळाल्या. बाकी फळ आईनं जेवणानंतर कापून वाटून टाकलं. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप, हे तिचं मत आजही कायम आहे.

बियांनाही थंडी दाखवावी लागते. ओल्या कोकोपीटमध्ये, फ्रीजच्या खालच्या खणात, मेथीशेजारी अडीच महिने. डब्यावर आईच्या अक्षरात: 'फेकू नये. यांचं आहे.' गणपती बसले त्या आठवड्यात पहिली पांढरी मुळी दिसली. २१ उगवली. पुढच्या उन्हाळ्यानंतर ११ राहिली.

(रोपांची रांग. काहींच्या फांद्यांना काटे.)

ही ती ११. वय दोन वर्षं चार महिने. पानं लहान, कडा करवतीच्या, आणि फांद्यांना चक्क काटे. सफरचंदाचं बाळपण असंच असतं, रानटी. फूल यायला साधारण पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हनीक्रिस्प या सफरचंदाचा संकर १९६० मध्ये केला, जात बाजारासाठी बाहेर आली १९९१ मध्ये. आपल्याकडे काश्मिरात अंबरी आणि रेड डेलिशियस यांच्यातून लाल अंबरी काढली, तीही एका हंगामात झाली नाही. असल्या ठिकाणी रोपं शेकड्यांनी, हजारांनी लावतात आणि जवळजवळ सगळी उपटून टाकतात. आमच्याकडे अकरा.

मी बाबांना हा हिशोब सांगितला होता. "काऊन घाई करून राहिली?" एवढंच म्हणाले, आणि एका रोपाचा डोळा काढून ॲनाच्या जुन्या फांदीवर भरला. ड्रम कमी आहेत, आता एका झाडावर चार रोपांचे डोळे बसवायचा बेत आहे. चाकू तोच, काटोलचा. पट्टीही तशीच, खालून वर.

सध्या एक अडचण वेगळीच आहे. नागपूरच्या उन्हात मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते. बाबांनी कोल्डड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यावर खिळ्यानं आकडे कोरले, तारेनं टांगले. वाऱ्यानं पत्रे फिरले आणि ६ कोणतं, ९ कोणतं, ते कळेना. दोन्ही रोपं एकाच सोयरिकीची, पण एकाची आई ॲना, दुसऱ्याची डॉर्सेट. वहीत त्या दोन्ही ओळींपुढे आता प्रश्नचिन्ह आहे.

नवे पत्रे कापून झालेत. त्यांवर आकडे नाहीत. खिळ्यानं, वळणदार अक्षरात लिहिलंय: सात. आठ. दहा.