ठसा जुळला, पण संसर्ग कुणाकडून?

नमस्कार, श्रोतेहो.

एकाच वॉर्डातल्या दोन रुग्णांना प्रतिजैविकं घेतल्यावर जुलाब लागतात. दोघांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल हा जुलाब घडवणारा जिवाणू सापडतो, पलंगाच्या कठड्यावरही सापडतो. मग तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला का? याचं उत्तर जनुकीय ठशातून, म्हणजे जिवाणूच्या डीएनएच्या ओळखखुणेतून, शोधायचं असतं.

त्याआधी जिवाणू हाती लागायला हवा. हा जिवाणू विनॉक्सी, प्राणवायूत मरणारा. पण त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली सुप्त रूपं, फार चिवट. म्हणून नमुना विष्ठेचा असो वा नदीतल्या गाळाचा, त्यात तेवढंच निर्जल अल्कोहोल मिसळून अर्धा ते एक तास ठेवतात. इतर बहुतेक जिवाणू मरतात, बीजाणू तगतात. अशा रुग्णाजवळून आल्यावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, हात साबण-पाण्यानं धुवावे लागतात, तेही याचमुळे. मग सायक्लोसेरिन, सेफॉक्सिटिन आणि फ्रुक्टोज घातलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीवर, 37 अंशांना, प्राणवायू काढलेल्या बरणीत 48 तास. अगारमध्ये 0.1 टक्का सोडियम टॉरोकोलेट हा पित्तातला क्षार घातला की बीजाणू लवकर रुजतात. प्राणवायू दाखवणारी मेथिलीन ब्लूची पट्टी निळीच राहिली, तर बरणीत हवा शिरतेय असं समजा आणि झाकणाची रबरी कडी तपासा. वाढ नीट झाली की घोड्याच्या लिदीसारखा वास येतो, तो पॅरा-क्रेसॉलचा.

शुद्ध केलेली वसाहत, म्हणजे अगारवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका, 5 टक्के चेलेक्स या धातू धरून ठेवणाऱ्या राळेत कालवून 12 मिनिटं उकळायची, सेंट्रिफ्यूज करायची आणि डीएनए असलेली वरची निवळ घ्यायची. निवळीत चेलेक्सचे कण आले, तर ते मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करायची पद्धत, फसतो. पीसीआरनं 16एस आणि 23एस या रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांमधला तुकडा वाढवतात. हा तुकडा जनुकसंचात अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या लांबीचा असतो. त्यामुळे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या 3 टक्के अॅगरोज जेलवर पट्ट्यांची रांग उमटते. हाच रिबोटाइप; प्रत्येक प्रकाराला 001, 027 असा क्रमांक असतो.

ठशाची दुसरी पद्धतही आहे. स्मा-1 विकरानं डीएनए कापून पल्स्ड-फील्ड जेलवर, म्हणजे विजेची दिशा बदलत मोठे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर, धाववला, तर 001 रिबोटाइपच्या पट्ट्यांऐवजी अनेकदा नुसता फराटा दिसतो. जेल चालू असताना बफरमधल्या (जेल ज्यात बुडालेलं असतं त्या द्रावणातल्या) ट्रिस या रसायनामुळे डीएनए तुटतो. बफरमध्ये 50 मायक्रोमोलर थायोयुरिया घातला की पट्ट्या उमटतात.

आता अर्थ लावायचा. ठसे वेगळे निघाले, तर त्या दोघांत थेट संसर्ग नाही, असं बरंच ठामपणे म्हणता येतं. जुळले तर मात्र जपून. 2000 नंतरच्या दशकात उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णालयांत 027 रिबोटाइप सर्रास होता; तिथं दोन 027 सापडणं हा पुरावाच नव्हे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या रुग्णांचे संपूर्ण जनुकसंच वाचून 2013 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त 35 टक्के नमुने आधीच्या एखाद्या रुग्णाशी डीएनएच्या अक्षरांतल्या 2 किंवा कमी बदलांइतके जवळचे होते. 45 टक्के तर आधीच्या सगळ्यांपासून 10 पेक्षा जास्त बदलांनी दूर होते. म्हणजे वॉर्डाबाहेरही उगम शोधायला हवेत. 078 रिबोटाइप डुकरांत आणि वासरांतही आढळतो.

आणखी एक. एकाच रुग्णात दोन रिबोटाइप असू शकतात. ताटलीवरून एकच वसाहत उचलली, तर दुसरा निसटतो आणि दोन रुग्णांतला खरा दुवा हातचा जातो. तीन-चार वसाहती उचला, प्रत्येकीचा ठसा वेगळा घ्या.