पाटणची बिनसावलीची दुपार

(दृश्य: सकाळ. चाळीसगावातलं अंगण, जीपमध्ये सामान भरणं चाललंय.)

मे महिन्यात खान्देशातलं ऊन दहालाच चटके देऊ लागतं. एरवी या दिवसांत पोरांना कुणी घराबाहेर पाठवत नाही. आज मात्र भुसावळहून मामाकडे आलेलं हे कुटुंब मुद्दाम उन्हात निघालंय. सोबत पाण्याचा जार, डोक्याला उपरणी, एक मीटरची सरळ काठी, टेप आणि गवंडीदादांकडून मागून आणलेला ओळंबा.

वीसेक किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटण. लोक येतात ते पाटणादेवीच्या दर्शनाला. पण इथला एक शिलालेख वेगळंच सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ स्थापन केला. काळ इ.स. १२०७ च्या सुमाराचा. गणित आणि ग्रहताऱ्यांची शाळा, आणि तिची नोंद थेट दगडावर! भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. ही शाळा मात्र आपल्या मातीतली. इथे येताना माझा ऊर भरून येतो.

(दृश्य: वाटेत जीप थांबलेली. विजेचा खांब.)

पावणेदहा वाजलेत. भाचीने काठी उभी धरली, मामाने ओळंबा लावून ती सरळ केली. काठीची सावली भरली ७६ सेंटिमीटर. आता खांबाची सावली: ६ मीटर १० सेंटिमीटर. भाचा वहीत भागाकार करतो. खांब आठ मीटर! खांबाला कुणी हातही लावलेला नाही.

भास्कराचार्यांनी बरीच यंत्रं वर्णिली, पण सर्वांत मोलाचं मानलं ते धीयंत्र. धी म्हणजे बुद्धी. हातात काठी असावी आणि डोकं चालावं, एवढंच त्याला लागतं.

(दृश्य: मोकळी फरशी. काठी उभी केलेली, सावलीच्या टोकाशी खडे.)

बारा वाजले. फरशीवर पाय ठेववत नाही. सावलीच्या टोकाशी पोरं दर पाच मिनिटांनी एक खडा ठेवतात. खडे काठीकडे सरकत चाललेत.

"बारा तर वाजले, मग सावली अजून कशी?" भाच्याचा प्रश्न बिनतोड आहे. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेने, तिकडे मिर्झापूरच्या बाजूच्या. आपण पडलो ७५ अंशांवर. सूर्याला तिथून इथवर यायला अर्धा तास लागतो. मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या किंचित पुढे असतो, त्यामुळे त्यातून तीन-साडेतीन मिनिटं वजा होतात. म्हणून इथली खरी दुपार बारा सव्वीसच्या पुढे.

बारा वीस. सावली करंगळीएवढी. बारा चोवीस. नखाएवढी. आता कुणी बोलत नाही. आणि मग काठीच्या बुडाशी फक्त ऊन.

"माय वं! सावली कथा गयी?" सावली कुठे गेली ते आजी पुढे वाकून बघते.

सूर्य बरोबर डोक्यावर आला की असं होतं. चाळीसगावकडे हा दिवस २२ मेच्या सुमारास येतो, जळगाव-भुसावळकडे २५ मेच्या आसपास. जुलैतही तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

(दृश्य: रात्र. मामाच्या घराची गच्ची, दुर्बीण.)

दुपारी आमरस आणि खापरावरचे मांडे झाले, झोप झाली. साडेआठला गच्चीवर मामाच्या मित्राने दुर्बीण मांडली. उत्तरेला सप्तर्षी चांगलेच वर आलेत. आजीला ते सप्तर्षी म्हणून ठाऊक नाहीत. तिच्यासाठी ते म्हातारीचं बाजलं: चार खुर आणि मागे लागलेले तीन चोर.

"मधल्या चोराजवळ बघा," मित्र सांगतो. तो वसिष्ठ. त्याला खेटून बारीक तारा, ती अरुंधती. दुर्बिणीतून बघितलं की वसिष्ठही एकटा राहत नाही, त्याचे दोन तारे दिसतात.

आजी डोळा लावते. बराच वेळ काही बोलत नाही.

"लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली होती," ती म्हणते. "दिसली काहीच नाही. सगळे बघत होते, म्हणून मान हलवली."

"आणि आता?"

"दिसते ना."

मागे दोन्ही पोरं पाळीची वाट बघत उभी आहेत. आजी अजून डोळा काढत नाही.