प्रबंधाचं पहिलं पान

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याच्या एनसीएलमधला, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला, एखादा जुना पीएचडीचा प्रबंध हाती आला, तर त्याचं पहिलं पान जरूर बघा. वर छापलेलं असतं, 'पुणे विद्यापीठास सादर'. मग विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, आणि तळाशी पाषाणच्या प्रयोगशाळेचा पत्ता. मला हे पान फार आवडतं. दोन संस्थांनी मिळून एक माणूस घडवला, याची ती नोंद आहे.

विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. प्रयोगशाळेचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं ३ जानेवारी १९५० रोजी. जवळपास पाठोपाठची भावंडंच. सरकारी प्रयोगशाळेकडे यंत्रं होती, रसायनं होती, काच फुंकून हवं तसं उपकरण घडवून देणारे कसबी कारागीर होते. पण पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तो विद्यापीठाकडे. मग शास्त्रज्ञांना विद्यापीठानं मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. विद्यार्थ्यानं नाव नोंदवायचं गणेशखिंडीत, म्हणजे विद्यापीठात, आणि प्रयोग करायचे पाषाणला.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते परीक्षेचं. ज्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम झालं, त्याच्या एकट्याच्या शब्दावर पदवी मिळत नसे. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जाई, मग तोंडी परीक्षा. आपल्या माणसाचं काम परक्यानं तपासायचं, याला दोन्ही घरं राजी होती!

माणसंही विद्यापीठांतूनच आली. डॉ. के. वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, संचालक होते. १९५७ साली ते एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतरचे डॉ. बा. द. टिळक यूडीसीटीचेच, आणि पुढे संचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकरही.

गेल्या दशकापासून सीएसआयआरच्या, म्हणजे एनसीएल जिच्याखाली येते त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांची स्वतःची अकादमी पदव्या देते. त्यामुळे सोय झाली, हे मान्यच. तरी गणेशखिंड ते पाषाण ही वाट ओस पडू नये, असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या पोरापोरींना खरं यंत्र हाताळायला मिळतं ते अशाच वाटेनं.

तुमच्या घरात कुणी एमएस्सीला असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: शेवटच्या सत्राचा प्रकल्प प्रयोगशाळेत करता येईल का, हे सरांना विचारलंस का?