पीआयपीत टाकलंय

[दृश्य: शिरोली एमआयडीसी, पाळी बदलायची वेळ]

कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या वाटेला लागलं की शिरोलीची एमआयडीसी येते. शहरात शिवाजी उद्यमनगर, दक्षिणेला गोकुळ शिरगाव, त्याच्याही पुढं कागलची पंचतारांकित वसाहत. फौंड्री, मशीनशॉप, पुन्हा फौंड्री. या पट्ट्यात ज्यानं नोकरी काढली, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साहेबानं कागद हातात दिला तर घाईनं सही करायची नाही. वाचायचा, तारीख घालून नुसती पोच द्यायची आणि संध्याकाळी युनियनच्या माणसाला दाखवायचा.

[दृश्य: कसबा बावडा. घराची वरची खोली, टेबलावर लॅपटॉप]

अशाच एका रिटायर माणसाच्या घरात वरच्या खोलीत मुलगी काम करते. कंपनी हिंजवडीत, टीम लीड बेंगळुरूत. एचआर कुठं बसते, हे तिनं कधी पाहिलेलं नाही. मध्ये तिला मेल आला: परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे पीआयपी. काम कमी पडतंय, ठरलेल्या मुदतीत सुधारा. मुदत 60 दिवस, दर आठवड्याला रिव्ह्यू. आयटीतली पोरं एका वाक्यात सांगतात, 'पीआयपीत टाकलंय.'

ती कॅमेऱ्यासमोर आली नाही, नाव घेऊ नका म्हणाली. रिलीव्हिंग लेटर मिळायचं असतं, पुढची कंपनी जुन्या एचआरला फोन करते, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

घरात कळायला आठवडा गेला. कळल्यावर तिच्या वडिलांनी, आण्णांनी विचारलं, "चार्जशीट दिली काय?"

"चार्जशीट नव्हं ओ, मेल आलाय."

"सही केलीस काय?"

"सही नसती. ॲक्नॉलेजचं बटण असतंय. दाबलं."

"वाचायच्या आधी?"

यावर ती काही बोलली नाही. पण आण्णांचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नव्हता.

[दृश्य: फौंड्रीचा आतला भाग. मोल्डिंग, ओतकाम]

कारखान्यातल्या कामगाराला 1946 च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांच्या, कायद्याचा आधार होता. गैरवर्तनाचा आरोप असला तर तो लेखी द्यावा लागायचा. उत्तराला मुदत मिळायची. खातेअंतर्गत चौकशी व्हायची आणि तिथं सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस घेता यायचा. निलंबित केलं तर पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, आणि चौकशी कामगारामुळं रखडली नसेल तर त्यानंतर 75 टक्के. चौकशी अधिकारी बहुतेक वेळा मॅनेजमेंटच्या मर्जीतला असायचा, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तरी एक फाइल तयार व्हायची, आणि ती पुढं कोर्टात कामाला यायची.

पीआयपीत आरोपच नसतो. तुम्ही चोरी केलेली नाही, साहेबाला शिवी दिलेली नाही. तुम्ही फक्त कमी पडताय. गैरवर्तन नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणून तुमची बाजू लिहून घेणारं कुणी नाही.

हे आलं कुठून? 1980 च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी माणसांची प्रतवारी रुजवली. वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10. तळाच्यांनी सुधारायचं, नाहीतर जायचं. टीम कितीही चांगली असली तरी तळाला कुणीतरी असणारच, हा त्या हिशोबातला मूळचा दोष. मायक्रोसॉफ्टनं सक्तीची प्रतवारी 2013 मध्ये सोडून दिली. आपल्याकडं अप्रेझलच्या दिवसांत 'बेल कर्व्ह' म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, कारण मॅनेजरला कुणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं.

[दृश्य: स्क्रीनवर मेल. कंपनीचं नाव पुसट केलेलं]

आता तो कागदच बघू. कंपनीची मर्जी काय आहे, हे बऱ्याचदा त्याच्या भाषेवरूनच समजतं. 'ओनरशिप कमी आहे', 'प्रोॲक्टिव्ह व्हायला हवं', 'कम्युनिकेशन सुधारा' असं लिहिलं असेल तर साठाव्या दिवशी काय मोजणार? मॅनेजरच्या मनात येईल ते. उलट 'अमुक तारखेपर्यंत अमुक मॉड्यूल, टेस्टिंगमध्ये इतक्याच चुका चालतील, मदतीला अमुक सीनिअर' असं असेल तर त्या कागदात जीव आहे. असेही पीआयपी असतात, आणि त्यातून बाहेर पडून पुढं बढती मिळालेली माणसंही असतात. प्रत्येक पीआयपी हा कटच असतो, हे सांगणं सोपं आहे, खरं नाही.

फौंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे गॅसमुळं भोक, पडलं तर साचा करणारा मोल्डर जबाबदार असेलही. पण वाळूत ओल जास्त असू शकते, कोअरमधला गॅस अडकलेला असू शकतो. चांगला फोरमन आधी वाळू तपासतो. या मुलीच्या मेलमध्ये डेडलाइन चुकल्याचं लिहिलं होतं. त्याच तिमाहीत टीममधली दोन माणसं सोडून गेली आणि त्यांचं काम तिच्याकडं आलं, हे मात्र कुठंच नव्हतं.

आण्णांच्या आग्रहानं तिनं उत्तर लिहिलं. भांडण नाही, आवाज नाही. मेल मिळाला, त्यातले निष्कर्ष मला मान्य नाहीत, प्रत्येक मुद्दा कशानं मोजणार ते कळवा, दोन माणसांच्या कामाचा भार लक्षात घ्या. आणि दर रिव्ह्यूनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल: आज हे ठरलं, हे राहिलं. कंपनीच्या फाइली घरच्या मेलवर पाठवायच्या नाहीत, हेही तिनं पाळलं. त्या एका कारणावरून काढायला वेळ लागत नाही.

[दृश्य: न्यायालयाचा परिसर]

कायदा काय म्हणतो? पीआयपी असं कुठल्याही कायद्यात नाही. पण काढताना कायदा येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. स्थायी आदेशांची सक्ती आता 300 किंवा जास्त कामगार असतील तिथंच उरली. तुम्ही 'कामगार' आहात का, हा पहिला प्रश्न, आणि तो व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावर ठरत नाही. प्रत्यक्ष काम काय करता, हे कोर्ट बघतं. तांत्रिक काम करणारा कामगारात मोडू शकतो. मॅनेजरकी करणारा मोडत नाही. कामगार असाल आणि शिक्षा म्हणून नव्हे, तर कामगिरीचं कारण देऊन काढलं, तर ती कामगार कपात (रिट्रेंचमेंट) मानली जाऊ शकते. मग वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार. नोकरी गेली किंवा राजीनामा दिला, तरी थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं वेतन संहिता सांगते.

म्हणूनच बऱ्याच ठिकाणी साठ दिवस संपायच्या आधीच फोन येतो. 'स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील.' राजीनामा दिला की कपातीची भरपाई गेली, आणि पुढं तो जबरदस्तीनं घेतला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. काही वेळा तो सौदा परवडतो, दोन-तीन महिन्यांचा पगार पदरात पडतो. पण मग ते लेखी मागायचं, फोनवर नव्हे.

ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. कामगार न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायचं तर आता मुंबई गाठावी लागत नाही. तरी लॅपटॉपवाली पोरं तिकडं फारशी फिरकत नाहीत. खटल्याची वर्षं मोजतात, फ्लॅटचा हप्ता मोजतात आणि नवी नोकरी शोधतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

[दृश्य: वरची खोली, दुपार]

तिच्या उत्तरानंतर सहा मुद्द्यांपैकी दोनांना आकडे मिळाले, चार तसेच मोघम राहिले. चित्रीकरण चालू होतं तेव्हा रिव्ह्यू अजून बाकी होते. दोन ठिकाणी तिच्या मुलाखती चालू आहेत. एक पुण्यात, दुसरी इथंच, पगार बराच कमी. आण्णांचं मत इथल्या बाजूनं आहे. तिचं अजून ठरलेलं नाही.