चालतं की चालत नाही?
(मंडळाच्या आषाढी मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

मंडळी, नमस्कार. रामकृष्ण हरी.

एकादशी खरं तर बुधवारीच झाली. आपण ती शनिवारी करतोय, कारण हॉल शनिवारीच मिळतो. याला कुणाची हरकत नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात वाद पेटला तो कोथिंबिरीवरून. एक काकू म्हणाल्या, "उपासाला कोथिंबीर चालत नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे चालते." मधे साबुदाणा भिजून टम्म.

मला गंमत वाटली, कारण त्या पातेल्यातलं जवळजवळ सगळंच परकं. मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कसावा, चारही अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर जगभर पसरले. आपल्याकडे कसाव्याचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे बनू लागला तो 1940च्या दशकात. म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांनी आजची ही खिचडी खाल्लेली असणं शक्यच नाही. त्यांच्याही आधीपासून इथे असलेली ती कोथिंबीर, आणि अडली तीच!

पण आपण हसलो तरी हात आखडतोच ना? मीही आखडतो. आई म्हणायची "चालत नाही", एवढंच माझं कारण. शास्त्रबिस्त्र नाही.

हेच दोन शब्द पंढरपुरात माणसांना लावले गेले. ज्यांचे अभंग वारकरी आजही गातात, त्या चोखोबांना देवळात जाणं 'चालत नव्हतं'. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणत, पायाही पडत. दाराशी मात्र काही माउली थांबत. शेकडो वर्षं! आणि अडवणाऱ्यांनाही आपण धर्मच पाळतोय असं मनापासून वाटत असणार, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

1 मे 1947 ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस, आणि तो उपास साबुदाण्याचा नव्हता. विठोबा खोटा आहे असं ते म्हणत नव्हते. तो सगळ्यांचा आहे ना, मग दार उघडा, एवढंच मागणं. बडव्यांचा विरोध होता, सनातन्यांचाही. तरी दार उघडायचं ठरलं.

असो, भजनाआधी खाऊन घेऊ. दोन पातेली केली आहेत. डावीकडच्यात कोथिंबीर नाही. उजवीकडच्या काकूंना विचारा, वाढतील. आज जरा रागावल्या आहेत.