चवथीच्या तोंडावर गाडी उठेना

[गोवा, डिचोली तालुका. पाऊस. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, वर ताडपत्री.]

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आलीय. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं, सामान आणायला बाजार गाठायचाय, आणि चावी फिरवली तर गाडी साधी टकटकही करत नाही. मालक बोटीवर नोकरीला असतात, सहा महिन्यांनी घरी आलेत. तेवढे महिने गाडी इथेच उभी, तोंड चिऱ्याच्या भिंतीकडे.

उभी गाडीसुद्धा वीज खात असते. घड्याळ, अलार्म, रिमोटकडे कान लावून बसलेलं लॉक. सगळं मिळून ५० मिलिअँपिअर धरा; दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे महिनाभरात कारभार आटोपला.

[मीटरचा क्लोजअप.]

आकडा बघा: २.८ व्होल्ट. धडधाकट बॅटरी इथे १२.६ दाखवते.

पुतण्याने ऑनलाइन मागवलेला जंप स्टार्टर पॅक आणलाय, म्हणजे उतरलेली गाडी उठवायची छोटी लिथियम बॅटरी. दोन चिमटे, एक बटण, वजन अर्धा-पाऊण किलो. चिमटे लावले तर लाल दिवा लुकलुकतो, पुढे काही नाही. पॅक बिघडलेला नाही. त्याच्या चिमट्यांत एक राखणदार सर्किट बसवलेलं असतं: समोर बॅटरी आहे का, लाल-काळं उलटं तर लागलं नाही ना, हे तपासल्याशिवाय ते करंट सोडत नाही. बॅटरी इतकी उतरली की त्याला वाटतं समोर कुणीच नाही. त्यासाठी ‘बूस्ट’चं बटण असतं, पण ते दाबलं की राखणदार रजेवर. मग उलटा चिमटा लावलात तर अडवणारं कोणी नाही.

[कुंपणाबाहेर स्कूटर थांबते. पायापाशी बॅटरी.]

जंप केबल, म्हणजे भरलेल्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर, लावायची तर दुसरी गाडी शेजारी आणायला हवी. या कुंपणातून आत येणार कशी? इलेक्ट्रिशियन मामांना तो प्रश्न कधी पडलाच नाही. ते चार्ज केलेली बॅटरीच स्कूटरवर घालून आणतात. दहा-बारा किलोचं धूड आहे, पण ‘पोर्टेबल’ म्हणून आज जे विकलं जातं ते गोव्यातल्या गॅरेजवाल्यांनी कधीपासून स्कूटरवर फिरवलंय.

[हात. टर्मिनल. पांढरट-हिरवी पूड.]

केबलला ते लगेच हात लावत नाहीत. दहाचा पाना, आधी काळी वायर सोडवली, मग लाल. समुद्राची खारी हवा, पावसाळ्याची ओल, त्यात बॅटरीचं अॅसिड. टर्मिनलवर मीठ फुटल्यासारखं दिसतंय. गरम पाण्यात खाण्याचा सोडा. ओतल्याबरोबर फसफसतो, बघा. पुसून, ब्रशने घासून चकचकीत केलं, वायरी परत आवळल्या, वरून व्हॅसलिनचं बोट. निम्म्या गाड्या एवढ्यावरच उठतात, असं मामांचं म्हणणं. ही उठली नाही.

आता केबल. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. लालचं दुसरं टोक भरलेल्या बॅटरीच्या प्लसला. काळा भरलेल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळ्याचं शेवटचं टोक? मायनसला नाही. ते इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी पडतेच.

[ठिणगी. पुन्हा, संथ गतीत.]

लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून ठिणगी तिथे, बॅटरी इथे.

केबलची जाडीही बघून ठेवा. सेल्फ मारताना लहान गाडीसुद्धा दीडशे अँपिअरच्या आसपास ओढते. तीन मीटर केबलमध्ये करंट जाऊन-येऊन सहा मीटर तार पार करतो. तांबं १६ स्क्वेअर एमएमचं असेल तर वाटेत एक व्होल्ट गळतो. ६ स्क्वेअर एमएमचं असेल तर अडीचहून जास्त. मग पलीकडे उरलं काय? बाजारात जाड दिसणाऱ्या स्वस्त केबल मिळतात, त्यांत निम्मं रबर असतं. मामांची केबल हातभर आहे, वेल्डिंगच्या वायरीची.

पाच मिनिटं तशीच ठेवली. आता सेल्फ.

[इंजिन सुरू. आवाज पूर्ण.]

चिमटे काढताना उलटा क्रम, पण त्याआधी मामा आत वाकून ब्लोअर लावतात. जोडलेली बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, व्होल्टेज उसळी घेतं. ती उसळी ब्लोअरने खावी, गाडीच्या कॉम्प्युटरने नको.

[म्हापसा. टॅक्सी स्टँड, सकाळ.]

इथे पॅकची बाजूही दाखवायला हवी. एका टॅक्सीचा रात्री आतला दिवा राहिला, मीटर ११.४. पॅक लावला, हिरवा दिवा, सेल्फ, गाडी चालू. कॅमेरा लावेपर्यंत काम झालंसुद्धा. खोक्यावर १२,००० एमएएच लिहिलंय, पण तो हिशोब ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ४४ वॅट-अवर. गाडीच्या बॅटरीत चारशेवर असतात. तरी पुरतं, कारण दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला एक-दीड वॅट-अवर लागतो. खोक्यावरचा ‘१००० अँपिअर’ हा क्षणभराचा आकडा, त्यावर जाऊ नका. चोर्ला घाटात रात्री एकटं अडकलेल्या माणसाला मात्र मामांच्या स्कूटरपेक्षा हा डबा जवळचा, हे मामाही मान्य करतात. तो दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करायचा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डात ठेवायचा नाही; उष्णतेने लिथियम लवकर म्हातारं होतं.

[पुन्हा डिचोली. गाडी फाटकाबाहेर.]

शेडमधली बॅटरी सहा महिने रिकामी राहिल्यामुळे बहुधा गेलीच. बाजारापर्यंतच्या फेरीत ती भरणार नाही, वाटेत इंजिन बंद केलं तर गाडी पुन्हा उठायची नाही. रात्रभर चार्जरवर लावून बघायची, धरली नाही तर नवी घ्यायची. जुनी दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, आणि शिशाचे पैसे नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होतात.