पाण्याच्या वेळेवरून सापडलेला पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

साथीच्या काळात महानगरपालिका दुरून कशी चालते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि त्यासाठी मी 2020 सालच्या मुंबईचे उदाहरण घेणार आहे. त्या वर्षी 11 मार्चला मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण आढळले. पुढच्या दोन आठवड्यांत लोकल गाड्या थांबल्या, राज्य शासनाने कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली आणि बोटाचा ठसा देऊन हजेरी लावण्याची पद्धतही बंद झाली. अत्यावश्यक सेवांना उपस्थितीची ही मर्यादा नव्हती. परंतु पालिकेचे कितीतरी कर्मचारी कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल अशा ठिकाणांहून येतात, आणि अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा धावू लागली ती 15 जूनला. मधले जवळजवळ तीन महिने बेस्टच्या आणि एसटीच्या बसने जेवढी माणसे कामावर पोहोचली तेवढ्यांवर, आणि घरी बसून दूरध्वनीवर व संगणकावर काम करणाऱ्यांवर या शहराचा कारभार चालला.

यांतले घरी काय नेता आले, ते थोडक्यात सांगतो. पालिकेचे हिशेब संगणकावर होते, बांधकामाचे प्रस्ताव ऑनलाइन स्वीकारले जात होते, पाण्याचे देयक घरबसल्या भरता येत होते. ही व्यवस्था साथीच्या आधीची होती म्हणून ती साथीत उपयोगी पडली. संकट दारात आल्यावर अशी व्यवस्था उभी करता येत नाही, एवढे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

घरी नेता आला नाही तो विचारविनिमय. स्थायी समितीने मार्चमध्येच तातडीच्या खर्चाचे अधिकार प्रशासनाला दिले, आणि त्या घडीला ते योग्यच होते. नंतर राज्य शासनाने सभा दूरदृश्य प्रणालीने घेण्याची मुभा दिली. परंतु 227 नगरसेवकांच्या सभागृहात एखाद्या सदस्याने उभे राहून आयुक्तांना अडवणे आणि पडद्यावरच्या चौकटीतून बोलण्याची पाळी येण्याची वाट पाहणे, यांत फार अंतर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पुढे पालिकेच्या कामांची तपासणी केली, तेव्हा साथरोग कायद्याचा आधार घेऊन कोविडवरचा खर्च त्या तपासणीबाहेर ठेवण्यात आला, हे मला आजही खटकते. खर्चाची घाई समजू शकते. हिशेब दाखवायला मात्र साथ ओसरल्यावर भरपूर वेळ होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सुरुवातीला खाटेसाठी येणारा प्रत्येक दूरध्वनी 1916 या एकाच क्रमांकावर, मुख्यालयाच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात येत असे. एवढ्या मोठ्या शहराचे गाऱ्हाणे एका खोलीत मावणे शक्य नव्हते. मे महिन्यात इकबालसिंह चहल आयुक्त झाले, आणि त्यानंतर पालिकेच्या 24 विभागांत प्रत्येकी एक वॉर रूम सुरू झाली. कुलाब्याच्या ए विभागापासून मुलुंडच्या टी विभागापर्यंत प्रत्येक विभागाने आपले रुग्ण, आपल्या खाटा आणि आपल्या रुग्णवाहिका स्वतः सांभाळायच्या, असे ठरले. चाचण्यांचे अहवाल पालिकेकडे येत, त्यांची विभागवार वाटणी होई, आणि वॉर रूममधून रुग्णाला दूरध्वनी जाई. म्हणजे दुरून कारभार करायचा तर निर्णय माणसाच्या जवळ न्यावा लागला. पुन्हा सांगतो, कारण माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे: कार्यालय दूर गेले, म्हणून निर्णय जवळ आणावा लागला.

या वॉर रूममध्ये डॉक्टरांच्या जोडीला पालिकेच्या शाळांतील शिक्षकही बसत. पूर्व उपनगरांतील एका विभागात काम केलेल्या शिक्षिकाबाईंनी मला एक हकिकत सांगितली होती. ती मी जमेल तिथे सांगत आलो आहे, आणि आज तुम्हालाही सांगणार आहे.

या बाई मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत. वॉर रूममध्ये त्यांना दुपारची पाळी मिळाली होती. समोर बाधितांची यादी, त्यात नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि पत्ता. त्या दिवशी यादीत सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ होते. पत्त्यात खोलीचा क्रमांक आणि एका नगराचे नाव एवढेच लिहिले होते. पण त्या नावाची वस्ती टेकडीच्या उतारावर तीन ठिकाणी होती आणि तिन्ही ठिकाणी त्या क्रमांकाची खोली होती. बाईंनी मोबाइल लावला, तो उचलला गेला चिपळूणजवळच्या एका गावात. पलीकडे त्या गृहस्थांचा मुलगा होता. टाळेबंदीच्या आधी कामासाठी गावी गेला तो तिथेच अडकला होता. वडिलांचा फोन बिघडलेला, म्हणून त्यांनी चाचणीच्या वेळी मुलाचा क्रमांक दिला होता. शेजारचे कुटुंबही गावाला निघून गेलेले, त्यामुळे दोन दिवसांत वडिलांची काहीच खबर नव्हती.

"मॅडम, रस्त्यावरून वर या, किराणा दुकानापाशी डावीकडे वळा, तिथे कोणालाही विचारा," मुलगा सांगत होता. पण दुकान बंद होते, आणि विचारावे असे गल्लीत कोणी उरले नव्हते. सार्वजनिक शौचालय, गणपतीच्या मंडपाची जागा, विजेचा खांब या खुणा तिन्ही वस्त्यांना सारख्याच लागू पडत होत्या. बाईंचे स्वतःचे बालपण चाळीत गेलेले. त्यांनी अखेर विचारले, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येते?"

मुलाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पहाटे पावणेपाचला येते, पावणेसहाला जाते. वरच्या आळीला आमचे गेल्यावर येते."

श्रोतेहो, ज्याने उभे आयुष्य पहाटे हंडे भरले आहेत, तो आपल्या घराचा पिन कोड एक वेळ विसरेल, पाण्याची वेळ विसरणार नाही. बाईंनी लगेच घनकचरा खात्याच्या मुकादमाला फोन केला. मुकादम म्हणाले, "बाई, हे मला नाही सांगता यायचे, पण आमच्या चावीवाल्याला विचारा." मुंबईबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, की जलवाहिन्यांच्या झडपा ठरलेल्या वेळी उघडून आणि बंद करून भागाभागांत पाणी सोडणारा पालिकेचा कामगार म्हणजे चावीवाला. भातसा, वैतरणा, तानसा अशा सात जलाशयांचे पाणी मुंबईला येते खरे, पण ते आपल्या नळापर्यंत येते ते या माणसाच्या हाताने. आपली फेरी संपवून तो नुकताच आडवा झाला होता. बाईंनी वेळ सांगितली आणि त्याने झोपेतल्या आवाजातच उत्तर दिले, "पावणेपाचला मी खालच्या पायऱ्यांजवळची एकच चावी उघडतो. तिच्यावर दोनच गल्ल्या आहेत. मंदिरामागे बघा."

त्या दोन गल्ल्यांत आरोग्य स्वयंसेविका गेल्या. दुसऱ्या गल्लीत ते आजोबा दाराला कडी न लावता पडून होते. बोटाला यंत्र लावून पाहिले, तेव्हा प्राणवायूचे प्रमाण बरेच खाली गेलेले होते. वॉर रूममधून खाट मिळाली, रुग्णवाहिका पायऱ्यांच्या तळापर्यंत आली, आणि चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणले. चिपळूणहून पहिला फोन उचलला गेला तेव्हापासून हे सगळे व्हायला दोन तासही लागले नव्हते. आजोबा बरे होऊन घरी परतले. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून आपल्या वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिले, "पाण्याची वेळ". पुढच्या पाळीतल्या माणसांनीही तो भरायला सुरुवात केली.

हा रकाना कोणत्याही संगणक प्रणालीत नव्हता. प्रणाली करणाऱ्याला तो सुचण्यासारखाही नव्हता, कारण त्यासाठी नळावर उभे राहावे लागते. मुख्यालयातल्या एकाच खोलीतून हा फोन झाला असता, तर बाईंना मुकादमाचा क्रमांक मिळालाच नसता. तो त्यांच्याजवळ होता, कारण वॉर रूम विभागात होती. म्हणूनच निर्णय जवळ आणावा लागला, असे मी मघाशी म्हणालो.

या ओघात घरांच्या क्रमांकांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. वस्त्यांतल्या घरांवर सर्वेक्षणाचे क्रमांक रंगवले जातात, पुसले जातात, नव्या सर्वेक्षणात बदलतात, आणि एकाच दारावर चार क्रमांक राहतात. प्रत्येक घराला कायमचा, ठळक, दुरून वाचता येईल असा एक क्रमांक मिळावा, मग त्या घराच्या मालकीचा वाद कितीही वर्षे चालो. त्याने कोणाचा हक्क सिद्ध होणार नाही. फक्त रुग्णवाहिका पोहोचेल.

दुसरे म्हणणे कामगारांविषयी आहे. ज्यांचे काम घरी नेता येत नाही, त्या सफाई कामगारांतले अनेक जण कंत्राटी आहेत, आणि आरोग्य स्वयंसेविका मानधनावर राबतात. दुरून चालणारा कारभार यांच्या पायांवर उभा असतो. तेव्हा आजारपणातली पगारी रजा आणि विमा यांत त्यांच्यात आणि कायम कर्मचाऱ्यांत फरक असू नये.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, मुंबईच्या व्यवस्थापनाची वाखाणणी केली आणि दिल्लीने त्यातून शिकावे असे सुचवले. शिकण्यासारखे खरोखरच पुष्कळ होते. माझी आग्रहाची सूचना एवढीच आहे, की प्रत्येक शहराच्या आपत्ती आराखड्यात अधिकाऱ्यांच्या क्रमांकांखालोखाल त्या त्या विभागातले मुकादम, चावीवाले आणि आरोग्य स्वयंसेविका यांची नावे व क्रमांक गल्लीवार नोंदवावेत, आणि ही यादी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी दूरध्वनी लावून तपासावी. कारण माणसांच्या बदल्या होतात, आणि मोबाइलचे क्रमांक तर त्याहूनही लवकर बदलतात.

नमस्कार.